तीस हजार येनची अनामत

तोक्यो शहराच्या तोशिमा प्रभागात मिनामी-नागासाकी नावाची साधी, राहती वस्ती आहे. तिथल्या हानासाकी बागेत एक दुमजली इमारत उभी आहे. भिंतींवर पावसाचे ओघळ उमटलेले, लाकडाचा रंग उडालेला, काचा धुरकटलेल्या. युद्धानंतरच्या टंचाईत घाईघाईने उभारलेलं भाड्याच्या खोल्यांचं हे घर आजवर कसं टिकलं, असा प्रश्न बघणाऱ्याला पडावा. प्रत्यक्षात ही इमारत ७ जुलै २०२० रोजी लोकांसाठी खुली झाली. ओघळ, मळ, धूर हे सगळं कारागिरांनी नव्या भिंतींवर जाणीवपूर्वक चढवलेलं आहे. मूळ घराचं नाव तोकिवासो. ते इथून थोड्याच अंतरावर १९५२ साली बांधलं गेलं आणि जुनं झाल्यावर १९८२ साली पाडलं गेलं. त्या जागी आज दुसरीच इमारत आहे आणि तिच्यासमोर एक स्मारक. म्हणजे तोकिवासो मांगा (जपानी चित्रकथा) संग्रहालय हे मूळ जागेवर नाही, मूळ लाकडाचं नाही, आणि ज्या वस्तू जपण्यासाठी संग्रहालयं बांधतात त्या वस्तूही त्याच्यापाशी फार नाहीत. तरीही चित्रकथांच्या इतिहासाबद्दल जे एखादं मोठं दालन भरून मूळ चित्रं टांगूनही सांगता येणार नाही, ते हे घर सांगतं.

आधी या घरात कोण राहत होतं ते पाहू. १९५३ च्या सुरुवातीला चित्रकथाकार तेझुका ओसामू इथे आले. जपानी पद्धतीप्रमाणे आडनाव आधी लिहिलं आहे, पुढेही तसंच लिहितो. तेझुकांच्या मागोमाग, त्या वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी तेरादा हिरो आले. १९५४ च्या ऑक्टोबरात तेझुकांनी रिकामी केलेली १४ क्रमांकाची खोली तोयामा प्रांतातल्या ताकाओका गावच्या दोन मित्रांनी घेतली. फुजिमोतो हिरोशी आणि आबिको मोतोओ ही त्यांची नावं, आणि 'फुजिको फुजिओ' या एकाच टोपणनावाने दोघं मिळून चित्रकथा काढत. पुढे सुझुकी शिनइची, मोरियासु नाओया, इशिनोमोरी शोतारो, आकात्सुका फुजिओ, आणि १९५८ साली काही महिने मिझुनो हिदेको. या नावांपैकी एकही ओळखीचं वाटलं नाही तरी त्यांची काही पात्रं आपल्या घरात येऊन गेलेली आहेत. हिंदी डबिंगमधून मराठी मुलांच्या तोंडी बसलेला डोरेमॉन हा फुजिमोतोंचा आणि निंजा हातोरी हा आबिकोंचा. दोन्ही पात्रांचे जनक एकेकाळी साडेचार तातामींच्या त्या एकाच खोलीत कागदावर वाकून बसत होते. तातामी म्हणजे ठरावीक मापाची गवती चटई; साडेचार तातामी म्हणजे अंदाजे ऐंशी चौरस फूट.

एवढी नावं एका मजल्यावर म्हटल्यावर लोक चटकन एक निष्कर्ष काढतात, की ही प्रतिभावंतांची पंढरी होती. संग्रहालयाबद्दलचं बरंचसं लिखाण या सुरात असतं. हा सूर मला पटत नाही. प्रतिभा त्या काळात जपानभर विखुरलेली होती आणि त्यातली बरीचशी वाया गेली असणार, जशी ती सगळीकडे जाते. तोकिवासोने प्रतिभा निर्माण केली नाही. तिने होतकरू माणसांना दिवस काढायची सोय करून दिली. काम मिळालेलं नसताना, मिळालेलं हातचं गेलेलं असताना, आपल्याला हे जमणार नाही असं वाटू लागलेलं असताना आणखी सहा महिने, आणखी एक वर्ष शहरात तग धरता येणं, ही ती सोय. हिशेबाच्या वहीत जी बाब एरवी किरकोळ ठरते, तीच इथे कळीची आहे. म्हणून या घराची गोष्ट चित्रांपासून सुरू न करता अनामत रकमेपासून सुरू करायला हवी.

तोकिवासोतल्या एका खोलीचं महिन्याचं भाडं होतं तीन हजार येन. शिरताना द्यायची अनामत मात्र तीस हजार येन, म्हणजे दहा महिन्यांच्या भाड्याएवढी. गावाकडून नुकत्याच आलेल्या विशीतल्या दोन मुलांपाशी एवढी रक्कम कुठून असणार? तेझुकांनी खोली सोडली तेव्हा आपली अनामत परत घेतली नाही. ती तशीच फुजिको जोडगोळीच्या नावावर राहू दिली, जमेल तेव्हा फेडा म्हणून सांगितलं, आणि शिवाय आपलं लिहायचं मेजही मागे ठेवलं. हे औदार्य होतंच, पण औदार्यापाशी थांबलं तर त्यातला व्यवहार दिसत नाही. चित्रकथेच्या धंद्यात शिरायचं तर प्रकाशकांच्या शहरात राहणं भाग होतं. कारण संपादक हस्तलिखित न्यायला स्वतः दारात येत, आणि पानं पूर्ण होईपर्यंत तिथेच ठाण मांडून बसत. टपालाने चित्रं धाडणाऱ्या मुलाला एखादवेळी पान मिळे, मालिका मिळत नसे. म्हणजे या धंद्याच्या दारावर पहिला अडसर होता तो भाड्याचा आणि अनामतीचा. तेझुकांनी काढून दिला तो नेमका हा अडसर.

पण या मुलांची आणि तेझुकांची गाठ मुळात पडली कशी? त्यासाठी 'मांगा शोनेन' या मासिकाकडे वळावं लागतं. कातो केनइची नावाच्या संपादकाने १९४७ च्या अखेरीला ते सुरू केलं. युद्धाआधी 'शोनेन क्लब' हे मुलांचं गाजलेलं मासिक त्यांच्या हाताखाली वाढलं होतं. युद्धानंतर अमेरिकी ताबा-प्रशासनाने त्यांना सार्वजनिक कामातून दूर केलं, तेव्हा त्यांनी कुटुंबाच्या आधारावर हे छोटं मासिक काढलं. त्यात तेझुकांची 'जंगल ताइतेइ' ही सिंहाच्या छाव्याची कथा येत असे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाचकांनी काढून पाठवलेल्या चित्रकथा छापण्यासाठी मासिकाने पानं राखून ठेवली होती. गावोगावची मुलं त्या पानांसाठी जिवाचं रान करत. मियागी प्रांतातल्या इशिनोमोरींनी शाळेत असतानाच पूर्व जपानातल्या अशा मुलांचं एक मंडळ उभं केलं आणि हाताने काढलेला अंक टपालाने एकाकडून दुसऱ्याकडे फिरवायला सुरुवात केली. तोक्योत रसायनांच्या कारखान्यात काम करणारे आकात्सुका याच मंडळातून त्यांचे मित्र झाले. आपल्याकडच्या हस्तलिखितांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली ओढ वेगळी समजावून सांगायला नको. तेव्हा तोकिवासोच्या जिन्यावर एकमेकांना भेटलेली ही माणसं अनोळखी नव्हती. छापलेल्या नावांतून, गुणांतून, पत्रांतून ती वर्षानुवर्षं एकमेकांना पारखत आली होती. घराआधी मासिक होतं.

या पारखण्याला एक ठोस रूपही होतं. 'मांगा शोनेन'मधलं वाचकांच्या चित्रांना गुण देणारं सदर काही काळ तेरादा सांभाळत. सदराच्या नावाचा मराठीत अर्थ होईल 'चित्रकथांचं प्रगतिपुस्तक'. तोकिवासोत खोली रिकामी झाली की ती कोणाला मिळावी याबद्दल तेरादा आणि फुजिको यांच्यात काही अटी ठरलेल्या होत्या. उमेदवाराने त्या सदरात चांगले गुण मिळवलेले असावेत. त्याचं इतरांशी जमावं. चांगली चित्रकथा काढायची तळमळ असावी. आणि निदान एवढा हात बसलेला असावा, की शेजाऱ्याची मुदत गळ्याशी आली तर मदतीला बसता येईल, किंवा कोणाची पानं ऐनवेळी आली नाहीत तर ती भरून देता येतील. या शेवटच्या अटीत मला सगळ्या व्यवस्थेचं मर्म दिसतं. इथे मैत्री ही कामाच्या बाहेरची गोष्ट नव्हती. खुद्द तेझुकांच्या 'जंगल ताइतेइ'च्या शेवटच्या भागावर फुजिको जोडगोळीने हात चालवला. इशिनोमोरी तर शाळकरी मुलगा असतानाच आतोम या पात्राच्या कथेच्या पानांसाठी तेझुकांच्या मदतीला आले. उमेदवारी हा आपला जुना शब्द इथे चपखल बसतो. फरक एवढाच, की इथे उस्ताद आणि उमेदवार एकाच मोरीवर भांडी घासत होते.

तेरादा हिरो हे नाव आज जपानबाहेर जवळपास कोणाला ठाऊक नाही, आणि मला वाटतं संग्रहालय पाहायला जाणाऱ्याने सगळ्यांत जास्त वेळ याच माणसासाठी ठेवावा. निइगाता प्रांतातला, कंपनीच्या संघातून बेसबॉल खेळलेला, वयाने इतरांपेक्षा थोडा मोठा. सगळे त्यांना तेरा-सान म्हणत. १९५४ साली काही तरुण चित्रकारांनी 'नवा मांगा पक्ष' नावाचा गट काढला, त्याचे प्रमुखही तेच. बैठका त्यांच्या २२ क्रमांकाच्या खोलीत होत. खायला परतलेली कोबी आणि प्यायला स्वस्त शोचू दारूत गोड सोडा मिसळून केलेलं पेय. १९५५ च्या जानेवारीत फुजिको जोडगोळी नववर्षाला गावी गेली आणि हातातल्या अनेक मालिकांच्या मुदती एकदम चुकल्या. संपादकांच्या तारांवर तारा आल्या, पानं मात्र गेली नाहीत. या धंद्यात असा माणूस एका हंगामात संपतो. पुढे बरेच महिने त्यांच्याकडे काम फिरकलं नाही. ते संपले नाहीत, कारण डोक्यावर छप्पर होतं, शेजारी तेरादा होते आणि त्याच मजल्यावर मदतनीस म्हणून करायला काहीतरी काम असे. आकात्सुकांची गोष्ट आणखी कडेची. मुलींच्या मासिकांसाठी रडव्या कथा काढून ते थकले होते आणि हे सगळं सोडून नोकरी धरायच्या विचारात होते. तेरादांनी त्यांना पन्नास हजार येन दिले, ते संपेपर्यंत तरी इथेच राहा या बोलीवर. भाड्याच्या दराने मोजले तर ते सोळा महिन्यांहून थोडे अधिक होतात. १९५८ साली 'मांगा ओ' मासिकात दुसऱ्या कोणाची तरी पानं ऐनवेळी रिकामी पडली, आकात्सुकांनी तिथे 'नामा-चान' ही विनोदी कथा काढून दिली, आणि एका अंकापुरती म्हणून काढलेली ती कथा मालिका झाली. चार वर्षांनी 'ओसोमात्सु-कुन' आली आणि जपानी विनोदी चित्रकथेची चालच बदलली.

या घटना ओळीने ठेवून पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. निर्णायक क्षण प्रत्येक वेळी चित्राच्या मेजावरचा नाही, तो भाड्याचा, उसनवारीचा, ऐनवेळी मोकळा हात सापडण्याचा आहे. १९५५ साली 'मांगा शोनेन' बंद पडलं. हा मोठा घाव होता, कारण नव्या मुलांचा तो एकमेव हक्काचा दरवाजा होता. पण तोवर संपादकांना एक पत्ता ठाऊक झाला होता, जिथे रात्री-बेरात्री गेलं तरी कोणीतरी जागं असतं आणि रिकामी पानं भरून मिळतात. मासिकांसोबत जोडपुस्तिका द्यायची चढाओढ त्या काळात वाढत गेली आणि ही पानांची भूक तोकिवासोने भागवली. मार्च १९५९ मध्ये 'शोनेन संडे' आणि 'शोनेन मॅगझिन' ही दोन साप्ताहिकं एकाच दिवशी बाजारात आली, तेव्हा 'संडे'च्या पहिल्या अंकात तेझुका, तेरादा आणि फुजिको सगळेच होते.

आता संग्रहालयाकडे. आत शिरल्यावर जिना चढून वरच्या मजल्यावर जायचं असतं, आणि हा जिना पावलागणिक करकरतो. वर एक अरुंद मार्गिका, दोन्ही बाजूंना खोल्या, सामाईक शौचालय आणि सामाईक स्वयंपाकघर. न्हाणीघर नाही, कारण मूळ घरात ते नव्हतंच. अंघोळीला बाहेरच्या सार्वजनिक स्नानगृहात जावं लागे, आणि उन्हाळ्यात इशिनोमोरी-आकात्सुका स्वयंपाकघरातल्या मोरीतच अंग भिजवून घेत, हे या घराच्या आठवणींत वारंवार येतं. खोल्यांत तातामी, बुटकं मेज, शाईची बाटली, मासिकांचे ढीग. प्रेक्षक खोल्यांत डोकावतात, फोटो काढतात. माझ्या मते या घराचं खरं दालन मात्र ते स्वयंपाकघर आहे. एका खोलीत एक माणूस मावतो. सगळे मावत होते ते इथे आणि मार्गिकेत. कोणाच्या घरी तांदूळ आहे, कोणाची चूल दोन दिवस पेटलेली नाही, कोण परवापासून झोपलेला नाही, हे न विचारता कळायची जागा म्हणजे सामाईक स्वयंपाकघर. चाळीत राहिलेल्या कोणालाही ही गोष्ट पटेल. कोणाची अडचण न सांगता कळणं हे मदतीच्या आधीचं पाऊल आहे आणि ते पाऊल इथे बांधकामातूनच पडत होतं. स्वतंत्र स्वयंपाकघर, स्वतंत्र दार असलेल्या घरात तेरादांना आकात्सुकांचा हताशपणा इतक्या वेळेवर कळला असता का, याची मला शंका आहे.

मिझुनो हिदेकोंची खोलीही थांबून पाहावी अशी आहे. शिमोनोसेकीहून आलेली अठरा वर्षांची मुलगी, त्या मजल्यावरची एकटी चित्रकर्ती. इशिनोमोरी, आकात्सुका आणि त्या अशा तिघांनी मिळून 'यू. माइआ' या एका टोपणनावाने मुलींच्या मासिकासाठी कथा काढल्या. एकाने रचना करायची, दुसऱ्याने पार्श्वभूमी, मुख्य चेहरे तिसऱ्याने. कामाची ही वाटणी बंद दाराआड होणारी नव्हती, पान हातोहात फिरावं लागे. मिझुनोंचा मुक्काम जेमतेम काही महिन्यांचा, पण १९६० च्या दशकात मुलींच्या चित्रकथेला मोठ्या पटाच्या, इतिहासाच्या आणि पुढे रॉक संगीताच्या विषयांकडे नेणाऱ्यांत त्या पुढे होत्या. त्यांच्या एका खोलीमुळे या घराची गोष्ट केवळ मुलग्यांच्या मासिकांची राहत नाही.

या घराला असं मोल देण्यावर काही आक्षेप घेता येतात. पहिला आक्षेप सरळ आहे. हे सगळं खोटं आहे. कृत्रिम मळ चढवलेल्या भिंती हे नाटकाचं नेपथ्य झालं, वारसा नव्हे. हा आक्षेप हलका नाही, आणि त्याला सर्वांत चांगलं उत्तर तोशिमा प्रभागातच उभं आहे. तोकिवासो सोडल्यावर तेझुका झोशिगाया भागातल्या नामिकी हाउस या इमारतीत राहायला गेले. ती लाकडी इमारत आजही उभी आहे आणि तिची सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद झालेली आहे. तिथलं लाकूड खरं आहे, पण तिच्याभोवती अशी कहाणी उभी राहिली नाही, कारण तिथे तेझुका एकटे होते. तोकिवासोचं जे मोल होतं ते माणसांमधल्या अंतरात होतं, दारापासून दारापर्यंत किती पावलं, मोरीपाशी किती जण उभे राहू शकतात, एका खोलीतला दिवा दुसऱ्या खोलीतून दिसतो का. ही अंतरं मोजून पुन्हा उभी करता येतात. छायाचित्रं आणि राहिलेल्यांच्या आठवणी ताडून पाहत तेच केलं गेलं आहे. मूळ घर पाडायच्या सुमारास तेझुकांनी छताच्या एका फळीवर आपली छबी आणि 'रिबनचा शिलेदार' या कथेतली नायिका काढली, ती फळी जपली गेली. ती पाहून डोळे भरून यावेत हे स्वाभाविक आहे. पण त्या फळीवरून तिथे माणसं कशी जगली ते कळत नाही. ते करकरणाऱ्या जिन्यावरून कळतं, कारण ती करकर ऐकली की लक्षात येतं, की कोण किती वाजता आलं-गेलं हे या मजल्यावर कोणापासून लपत नव्हतं.

एका बाबतीत मात्र ही प्रतिकृती मला अपुरी वाटते. मूळ घराच्या खालच्या मजल्यावर चित्रकथांशी काहीही संबंध नसलेले भाडेकरू राहत. रात्रभर चालणारी ये-जा, संपादकांचे आवाज, वरची गर्दी हे सगळं त्यांनी सोसलं. आज खालच्या मजल्यावर बदलत्या प्रदर्शनांचं दालन आहे. जागेची गरज समजण्यासारखी आहे. पण ज्या गोष्टीचा गाभाच शेजार आहे तिच्यात निम्मे शेजारी नाहीसे व्हावेत ही उणीव आहेच.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आपण यशस्वी झालेल्यांचीच नावं मोजतो आणि मग घराला श्रेय देतो. दिवस काढायची सोय मिळूनही ज्यांचं काही झालं नाही त्यांचं काय? मोरियासु नाओया याच मजल्यावर राहिले, तेरादांच्या 'नव्या मांगा पक्षा'त होते, गोड आणि हळुवार चित्र काढत. त्यांना इतरांसारखं यश कधी लाभलं नाही. १९८१ साली, घर पाडण्याच्या आदल्या वर्षी, एनएचके या जपानी प्रसारण संस्थेने तोकिवासोवर माहितीपट केला, त्यात त्यांची ही बाजू दिसते. आणि खुद्द तेरादा. आयुष्यभर ते मुलांसाठी स्वच्छ, सरळ कथाच काढत राहिले. साठच्या दशकात मासिकांना हिंसा आणि थरार हवा झाला तेव्हा त्यांनी आपली वाट सोडली नाही, १९७३ साली त्यांनी लेखणी ठेवली आणि समुद्रकाठच्या चिगासाकीत जवळजवळ अज्ञातवासात राहिले. त्यानंतर त्यांनी केलेलं मोठं काम म्हणजे 'मांगा शोनेन' मासिकाचा इतिहास संकलित करणं. १९९२ साली ते गेले. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी या घराला यशाचा कारखाना म्हणत नाही. दिवस काढायची सोय यशाची हमी देत नाही. ती फक्त एवढं करते, की माणूस हरला तर तो पैशाअभावी, वेळेआधी हरत नाही. मोरियासुंना आणि तेरादांना त्यांची खरी वाट किती दूर जाते हे पाहता तरी आलं. अनामत भरता न आल्यामुळे ताकाओकातच राहिलेल्या एखाद्या मुलाला तेवढंही मिळालं नसतं. १९९६ साली इचिकावा जुन यांनी तोकिवासोवर चित्रपट केला तेव्हा त्यांनी नायक म्हणून तेरादांनाच निवडलं. या निवडीत मोठी समज आहे.

तिसरा आक्षेप असा, की एकत्र राहणं ही काही जादू नाही, उलट ते घातकही ठरतं. अगदी खरं. ओसाकात एका प्रकाशकाने तात्सुमी योशिहिरो, मात्सुमोतो मासाहिको आणि साइतो ताकाओ या तिघा तरुणांना जास्त काम व्हावं म्हणून एका जागी ठेवलं होतं. गेकिगा ही प्रौढ, गडद शैली या मंडळींनी घडवली, पण त्या एकत्र राहण्याने प्रकाशकाला हवी होती तशी पानं काही वाढली नाहीत. त्याहून बोलकं उदाहरण ओइझुमीचं. १९७० च्या सुमारास नेरिमा प्रभागातल्या ओइझुमीत ताकेमिया केइको आणि हागिओ मोतो या दोन तरुण चित्रकर्त्या एका घरात राहू लागल्या. त्यांच्याकडे इतर होतकरू मुलींची ये-जा असे, आणि मुलींच्या चित्रकथेचा कायापालट याच पिढीने केला. लोक त्या घराला मुलींची तोकिवासो म्हणू लागले. पुढे दोघींमध्ये कायमची फूट पडली. २०२१ साली हागिओंनी त्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं, ते त्या दिवसांचा गौरव करण्यासाठी नव्हे, तर त्या दिवसांबद्दल आपल्याला पुन्हा विचारू नये हे सांगण्यासाठी. भेटीगाठींचे, त्या काळावर मालिका काढण्याचे प्रस्ताव सतत येत होते, आणि ती जखम त्यांना उघडायची नव्हती. या पुस्तकानंतर कोणीही एकत्र राहण्याचं भाबडं कौतुक करू नये. पण दोन घरांमधला एक फरक पाहावा. तोकिवासोत प्रत्येकाची खोली वेगळी, दार वेगळं, भाडं वेगळं होतं, फक्त मोरी आणि मार्गिका सामाईक. मन विटलं तर दार लावून घेता येत होतं आणि निघून जायचं तर कोणाचं घर मोडत नव्हतं. ओइझुमीत अंतर ठेवायला जागा नव्हती, आणि दोघींचा विषय, दोघींची महत्त्वाकांक्षा एकच होती. तेव्हा माणसं किती जवळ आणली यापेक्षा किती अंतर राखून जवळ आणली हे महत्त्वाचं, आणि ते अंतर वरच्या मजल्यावर प्रत्यक्ष पावलांनी मोजता येतं.

प्रभाग प्रशासनाने हे सगळं पर्यटनासाठी केलं, असंही म्हटलं जातं. केलंच आहे. २०१४ साली एका अभ्यासगटाने लोकसंख्येच्या घटीमुळे लयाला जाण्याची शक्यता असलेल्या गावा-शहरांची यादी जाहीर केली, त्यात तोक्योच्या २३ प्रभागांपैकी एकट्या तोशिमाचं नाव होतं. इकेबुकुरोसारखं गजबजलेलं स्थानक पोटात असलेल्या प्रभागाला हा धक्का होता. त्यानंतर संस्कृती आणि चित्रकथा यांच्या जोरावर तरुण कुटुंबांना परत आणायचं धोरण प्रशासनाने धरलं. हेतू हिशेबी होता म्हणून फळ वाईट ठरत नाही. तेझुकांची अनामतही एका अर्थी हिशेबीच होती, हाताशी चांगले मदतनीस असणं त्यांच्याही फायद्याचं होतं. मला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. वस्तीने आठवण जपली, पण व्यवस्था जपली का?

याचं उत्तर संग्रहालयाच्या बाहेर, थोडं चालत गेल्यावर मिळतं. रस्त्यावर मात्सुबा हे नूडल्सचं हॉटेल अजून सुरू आहे, जिथले रामेनचे वाडगे आबिकोंच्या आत्मकथनपर चित्रकथेत वाचकांनी शेकडो वेळा पाहिले. डोरेमॉनच्या गल्लीत सतत नूडल्स खाताना दिसणारा कोइके-सान ज्यांच्यावर बेतला ते सुझुकी शिनइची याच मजल्यावरचे. त्याच परिसरात शिउनसो नावाची दुसरी जुनी इमारत आहे. तोकिवासोत जागा पुरेना तेव्हा आकात्सुकांनी तिथे कामासाठी खोली घेतली होती. ही इमारत पाडली गेली नाही आणि तिचं संग्रहालयही झालं नाही. २०११ पासून प्रभाग प्रशासन आणि वस्तीतले रहिवासी यांनी मिळून तिथल्या काही खोल्या चित्रकथाकार होऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी ठेवल्या आहेत, अर्ज मागवून, कामाचे नमुने पाहून निवड होते आणि भाड्याचा काही भाग परस्पर भरला जातो. आता बहुतेक जण पडद्यावर चित्र काढतात, पानं संपादकाकडे क्षणात पोहोचतात, शाईची बाटली लागत नाही. भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला येतंच. संग्रहालयातल्या १४ क्रमांकाच्या खोलीत तेझुकांचं मेज जिथे होतं ती जागा पाहून बाहेर पडलेल्या माणसाला थोड्याच वेळात शिउनसोच्या दारासमोर उभं राहता येतं. दार बंद असतं, कारण आत कोणाचं तरी काम चालू असतं.